तांब्यातलं पाणी

१ डिसेंबर २०२१ ला ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरले. पाटण तालुक्यातली आमची दोनशिक्षकी शाळा. त्याआधीचे वीस महिने मी वाड्यावस्त्यांवर फिरून, कुणाच्या ओसरीवर चारपाच मुलं बसवून शिकवत होते. फळ्याला हात लागला नव्हता. त्या दिवशी सकाळी ओल्या फडक्याने फळा पुसला, वर वार-तारीख लिहिली आणि सुविचार लिहायला घेतला. ओळ वर चढत गेली. पुसली, पुन्हा लिहिली. पुन्हा चढली, आणि शेवटची अक्षरं मुंगीएवढी झाली.

डी.एड.ला माझ्या फलकलेखनाचं कौतुक व्हायचं. पाठाच्या वेळी वर्गातल्या इतर मुली माझ्याकडून शीर्षक लिहून घ्यायच्या. मुख्याध्यापक गुरुजी त्या दिवशी म्हणाले, "सवय मोडली बाई, लॉकडाऊननं. येईल आठ दिवसांत." मलाही पटलं. त्या दोन वर्षांत सगळ्यांचंच काही ना काही मोडलं होतं.

आठ दिवसांत आलं नाही. तिथपासून दोन वर्षं सात महिने माझ्या आजाराला नाव नव्हतं. नाव मिळाल्यानंतरचं लोक आपुलकीने विचारतात, औषध काय, पथ्य काय, आता बरं वाटतं का. त्याआधीचं कुणी विचारत नाही. मला मात्र तेच लिहायचं आहे, कारण आजही कुठल्यातरी दवाखान्याच्या बाकड्यावर तेच दिवस काढणारं कुणीतरी बसलेलं असणार.

आधी अक्षर गेलं, मग हजेरीपटावरची सही. मग चहाचा कप उचलताना हात थरथरायला लागला. ब्लाउजची बटणं लावायला वेळ लागे. २०२२ च्या पावसाळ्यात बोलणं जड झालं. "ळ" आणि "र" जिभेवरून घसरायचे. कविता म्हणून दाखवायला लागले की पहिलीची पोरं माझ्यासारखीच, तश्शीच जड म्हणायची. चिडवत नव्हती ती, बाईंनी म्हटलं तसं म्हणत होती. त्या दिवशी मी मधल्या सुट्टीत स्वयंपाकाच्या खोलीमागे जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी दुसरीतली एक मुलगी फळ्याशी आली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही सांगा, मी लिहिते." तेव्हापासून वर्ष संपेपर्यंत फळा तीच लिहायची. तिच्या कानामात्रांच्या चुका मी बोटाने दाखवायचे.

डॉक्टर पुष्कळ झाले. तालुक्याच्या गावी अशक्तपणा निघाला, बी-बाराची इंजेक्शनं झाली. थायरॉईड तपासलं, ते बरोबर होतं. साताऱ्याला डोक्याचा सीटी स्कॅन केला, त्यात काही नव्हतं. "रिपोर्ट नॉर्मल आहे, अभिनंदन," असं एक डॉक्टर म्हणाले. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांना हात जोडले आणि मी दाराबाहेर येऊन पायरीवर बसले. रिपोर्ट चांगला आला की माणूस खूश व्हायला हवा, एवढं मला कळत होतं. पण हात थरथरत होता आणि कागद म्हणत होता, काही नाही. म्हणजे आता दोघांपैकी एक खोटं. कागद तर खोटा नसणार.

आजाराला नाव नसलं की लोक माणसाला नावं ठेवतात. शाळेत म्हणत, बाईंचं लक्ष नसतं. केंद्रप्रमुखांनी भर बैठकीत टाचणवहीतलं अक्षर वर धरून दाखवलं. मी तेव्हा शिक्षणसेवक होते, महिना सहा हजार मानधनावर. तीन वर्षं पूर्ण व्हायला थोडेच महिने उरलेले, त्यामुळे रजा मागायचीही भीती. पुढे कायम झाले आणि वैद्यकीय रजेचा अर्ज भरला. त्यात एक रकाना असतो, आजाराचे स्वरूप. पहिल्यांदा "अशक्तपणा" लिहिलं. दुसऱ्यांदा "हातापायांचा त्रास". तिसऱ्यांदा काय लिहावं ते सुचेना. गुरुजी म्हणाले, "काहीतरी घाला हो बाई, मोकळा ठेवला तर परत येईल." काहीतरी म्हणून "ताप" लिहिलं. तो खोटा शब्द माझ्या खोटेपणाचा दाखला म्हणून कितीतरी दिवस डोळ्यांपुढे राहिला.

घरी स्थळं बघणं चालू होतं. एका रविवारी कराडची मंडळी आली. पोहे आईने नेले, चहाचा ट्रे माझ्याकडे दिला. सात कप. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून माजघरातल्या सतरंजीपर्यंत दहाबारा पावलं असतील. पहिल्या पावलालाच कपबशा वाजायला लागल्या, सगळ्या एकदम, एसटीची खिडकी वाजते तशा. बोलणं थांबलं. मी ट्रे जितका घट्ट धरला तितका तो जास्त हलला. चहा बशांतून ट्रेमध्ये आणि ट्रेमधून माझ्या पायावर आला. मुलाच्या आईने उठून ट्रे माझ्या हातातून घेतला आणि हळूच विचारलं, "भाजलं का गं?" त्या बाईचा तो प्रश्न मी विसरणार नाही. नकार आठ दिवसांनी आला. आत्या म्हणाली, हिला लग्नच करायचं नसेल, म्हणून करते असं.

मग मोठ्या शहरातले एक नावाजलेले डॉक्टर झाले. त्यांनी माझ्याशी तीन मिनिटं बोलून खुर्ची अण्णांकडे वळवली. "शरीरात काही नाही. मनाचं आहे. लग्नाचं बघताय ना? या वयात मुलींना होतं असं." त्यांनी दिलेल्या गोळ्यांनी मान एका बाजूला आखडली, तोंडातून लाळ गळायला लागली. तसं सांगितलं तर उत्तर आलं, गोळ्या लागू पडायला वेळ लागतो. मनाच्या आजाराला मी कमी लेखत नाही. तो असता तर त्याचेही उपचार मी घेतले असते. पण त्यांनी तो शोधून काढला नव्हता, बाकी काही सापडलं नाही म्हणून तो माझ्या नावावर टाकला होता.

आणि मी तो मान्य केला. या सगळ्यातलं सांगायला अवघड आहे ते हेच. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मी माझ्याच विरुद्ध साक्ष द्यायला लागले होते. रात्री अंथरुणात पडून हात वर धरायचे आणि त्याला म्हणायचे, थांब. कधी झोप लागता लागता तो खरंच थांबायचा, कारण झोपेत थरथर कमी होते. पण मला वाटायचं, बघ, थांबवता येतो की तुला. म्हणजे तूच करतेस. अण्णांनी एक म्हैस विकली होती माझ्या तपासण्यांसाठी. गोठ्यातल्या त्या रिकाम्या दाव्याकडे बघून मी मनात हिशेब मांडायचे की माझ्या नाटकाची किंमत एवढी झाली. मी नाटक करत नव्हते. तरी हिशेब मांडायचे.

रडूही फार यायचं. भाकरी करपली तरी, मालिकेत कुणी गेलं तरी. मग कधी भलत्या वेळी हसू फुटायचं आणि आवरायचं नाही. हे सगळं "मनाचं आहे" याचा पुरावा म्हणूनच धरलं गेलं. पुढे कळलं की तेही या आजारात होतं. पण त्यातलं कोणतं रडणं माझं होतं आणि कोणतं आजाराचं, हे आजही मला सांगता येणार नाही.

आईने मात्र एकदाही मला "तू करतेस" असं म्हटलं नाही. तिने उतारे केले, पालीच्या खंडोबाला नवस बोलली, आणि आत्याच्या सांगण्यावरून रोज रात्री तांब्याच्या तांब्यात पाणी भरून ते देवघरासमोर झाकून ठेवू लागली. सकाळी उपाशीपोटी ते मला द्यायची. तांब्यातल्या पाण्याने अंगात ताकद येते, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. तांब्या ती चिंचेने घासायची, आतून लखलखीत. माझ्या हाताला तो पेलत नसे, म्हणून खाली हात लावून ती स्वतः पाजायची. वर्षभर हे चाललं.

जून २०२४ मध्ये मामा म्हणाले, मुंबईला आणा. मामा वाशीच्या मार्केटात माथाडी कामगार, कोपरखैरण्याला त्यांची खोली. पाटणची निम्मी माणसं अशीच तिकडे गेलेली, त्यामुळे मुंबई आम्हाला परकी नव्हती. कराडहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडून सकाळी दादरला उतरलो आणि थेट परळच्या एका सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत उभे राहिलो.

नंबर आला तेव्हा दीड वाजून गेला होता. समोर माझ्याच वयाची शिकाऊ डॉक्टर होती, डोळ्यांखाली काळं झालेलं, टेबलावर अर्धा खाल्लेला वडापाव. तिने फाईल आधी उघडलीच नाही. म्हणाली, "तुमचं नाव लिहा या कागदावर." मी लिहिलं. मग एक गोल गोल फिरत बाहेर येणारी रेघ काढायला सांगितली, गोगलगायीच्या शंखासारखी. माझी रेघ करवतीच्या दात्यांसारखी निघाली. मग दोन्ही हात कोपरात वाकवून बोटं नाकासमोर धरायला लावली. हात पक्ष्याच्या पंखांसारखे फडफडू लागले. तिने पेन खाली ठेवलं.

"लहानपणी कधी कावीळ झाली होती का?"

अडीच वर्षांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मी नाही म्हणणार होते, तेवढ्यात मागून आई म्हणाली, "झाली होती. पाचवीत होती तेव्हा. माळ घातली होती आम्ही." काविळीची माळ डोक्यावर ठेवतात, ती वाढत वाढत गळ्यात उतरली की कावीळ उतरली म्हणतात. माझी उतरली होती, म्हणून पुढे कुणी काही तपासलं नव्हतं. डॉक्टरने आता फाईल उघडली आणि एकेक कागद उलटत २०२२ च्या एका रक्ततपासणीवर थांबली. यकृताच्या एका आकड्यापुढे चांदणी छापलेली होती. तो कागद मी अनेक डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला होता.

तिने चिठ्ठी लिहून डोळ्यांच्या विभागात पाठवलं. मी म्हटलं, डोळ्यांना काही त्रास नाही माझ्या. ती म्हणाली, "माहितेय. तरी जा."

डोळ्यांच्या विभागात अंधार केलेल्या खोलीत हनुवटी टेकवायचं एक यंत्र असतं. त्यातून डोळ्यात उजेडाची बारीक पट्टी सोडतात. तिथले डॉक्टर खूप वेळ बघत राहिले. मग शेजारच्या खोलीतून दुसऱ्यांना बोलावलं, त्यांनी विद्यार्थ्यांना. सहासात जण एकामागून एक वाकून बघून गेले. एका मुलाने विचारलं, "ताई, चालेल ना?" मला डोळ्यांच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, बुबुळाच्या कडेला, सोनेरी-तपकिरी कडं असल्याचं नंतर सांगितलं. आपले डोळे तपकिरी, त्यामुळे नुसत्या नजरेला ते सहज दिसत नाही. कायझर-फ्लायशर कडं म्हणतात त्याला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन जर्मन डॉक्टरांनी ते नोंदवलं. तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. एवढंच कळत होतं की माझ्या अंगात काहीतरी आहे, आणि ते अनोळखी सात माणसांना दिसतंय. हनुवटी टेकवलेली, डोळा मिटायचा नाही, आणि पाणी नुसतं वाहत होतं. डॉक्टरांना वाटलं उजेड टोचतोय. ते म्हणाले, "झालं हां, झालंच."

पुढच्या तपासण्यांच्या कागदावर इंग्रजीत "विल्सन" लिहून पुढे प्रश्नचिन्ह घातलेलं होतं. शिकाऊ डॉक्टर म्हणाली, "रिपोर्ट आल्याशिवाय मी काही म्हणणार नाही. नेटवर वाचत बसू नका." मी वाचलंच, मामांच्या मुलाच्या फोनवर. १९१२ मध्ये विल्सन नावाच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलेला आजार. साधारण तीस हजारांत एकाला होतो. जेवणातून रोज एखाद-दोन मिलीग्रॅम तांबं पोटात जातं. लागेल तेवढं ठेवून उरलेलं पित्तावाटे बाहेर टाकायचं काम यकृताचं. या आजारात ते काम होत नाही, आणि तांबं आधी यकृतात, मग मेंदूत, डोळ्यांत साठत जातं. उपचार न झाल्यास माणूस वाचत नाही. उपचार आहेत. ही दोन वाक्यं मी आलटून पालटून वाचत राहिले.

चोवीस तासांची लघवी गोळा करायची होती. सकाळी सातची पहिली टाकून द्यायची, तिथून दुसऱ्या दिवशी सातपर्यंतची प्रत्येक वेळची एकाच कॅनमध्ये. कॅन रुग्णालयातूनच दिलेला, धातूचा अंश नसलेला. मामांच्या खोलीत आम्ही आठ माणसं आणि एकच न्हाणीघर. लाजेने मला मरायला झालं. मामीने माझं तोंड बघितलं, कॅन उचलला, न्हाणीच्या कोपऱ्यात पाटावर ठेवला आणि वर आपला धुतलेला टॉवेल पांघरला. मग बाहेर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरीची तपासणी आहे. कोपऱ्यातल्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही." रात्री अडीचला मी उठले तर ती जागी होती. दिवा लावून दाराशी उभी राहिली, माझ्या हातून सांडू नये म्हणून.

रिपोर्ट यायला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मी रोज देवाला हात जोडून मागितलं की रिपोर्ट वाईट येऊ दे. हे मी आजवर घरी कुणाला सांगितलेलं नाही. तो चांगला आला असता तर पुन्हा तोच जिना, तेच "अभिनंदन", तोच मोकळा रकाना. जीवघेण्या आजाराची मला भीती नव्हती असं नाही. पण पुन्हा "काही नाही" ऐकायची भीती तिच्याहून मोठी होती. निदानाची वाट बघणाऱ्या माणसाच्या मनात हे येतं, आणि आपल्या मनात हे येतंय म्हणून तो स्वतःला वेडा समजतो. तो वेडा नसतो.

लघवीतलं तांबं शंभर मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की संशय बळावतो. माझं तीनशे दहा होतं. रक्तात तांबं वाहून नेणारं सेरुलोप्लाझमिन वीसच्या वर असावं लागतं, ते सहा होतं. एमआरआयमध्येही मेंदूच्या आत खोलवर बदल दिसत होते. मोठ्या डॉक्टरांनी कागदावरचं प्रश्नचिन्ह पेनने खोडलं. मी त्यांना म्हटलं, "म्हणजे मी करत नव्हते?" माझं बोलणं त्यांना एकदम कळलं नाही. शिकाऊ डॉक्टरला कळलं. ती म्हणाली, "नाही. तुम्ही काहीच करत नव्हता."

मी हसत होते. अण्णा माझ्याकडे घाबरून बघत होते.

मग पथ्य सांगायला सुरुवात झाली. कलेजी, शिंपल्या-खेकडे, सुकामेवा, चॉकलेट, अळंबी बंद. आणि तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायचं नाही. आई उभी होती ती खालीच बसली. तिने काही विचारलं नाही. बाहेर बाकड्यावर आल्यावर आपल्या दोन्ही हातांकडे बघत म्हणाली, "मी पाजलं गं. या हातांनी पाजलं." मी तिला सांगून बघितलं, अण्णांनी सांगितलं. शेवटी मी तिला परत आत घेऊन गेले. डॉक्टरने रांग थांबवून तिला समजावलं. हा आजार तेराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकातल्या बिघाडाचा. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच होतो, आणि तो मी जन्मले तेव्हापासून माझ्यात होता. तांब्या नसता तरी हेच झालं असतं. आईने मान डोलावली. घरी गेल्यावर तो तांब्या तिने माळ्यावर टाकला. अजून ती त्या माळ्याकडे वर बघत नाही.

तिथेच डॉक्टरने कागदावर आमच्या घराची वंशावळ काढली. आई ही अण्णांच्या मामाची मुलगी. आमच्याकडे मामाची मुलगी करायची रीतच. डॉक्टरने त्या दोघांना जोडणारी रेघ दुहेरी काढली आणि विचारलं, "भावंडं?"

मला एक धाकटा भाऊ आहे, एकवीस वर्षांचा, कराडला शिकतो. कबड्डी खेळतो, आजवर साधा तापही आलेला नाही. सख्ख्या भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक. लक्षणं नसली तरी त्याला तपासायचं होतं.

माझी पेनिसिलामिन सुरू झाली, जेवणाआधी उपाशीपोटी, थोड्या थोड्या प्रमाणात वाढवत, सोबत बी-सहा. १९५६ पासून हे औषध वापरात आहे. काहींना सुरुवातीला त्रास वाढतो, असं सांगितलेलं होतं, आणि तो वाढला. दीड महिना घास तोंडापर्यंत नेता येत नव्हता, आई भरवायची. तरी ते दिवस आधीच्या अडीच वर्षांइतके वाईट नव्हते. चौथ्या महिन्यात एका सकाळी ब्लाउजची वरची दोन बटणं मी स्वतः लावली.

पण भावाची वाट बघणं मला झेपेना. आधी वाईट रिपोर्टसाठी जोडलेले हात आता उलट मागणं मागत होते, आणि त्याच देवासमोर. तो मात्र "ताई, जे असेल ते कळेल की," म्हणून कॅन पिशवीत घालून मामांकडे मुक्कामाला गेला. त्याच्या डोळ्यांत कडं नव्हतं. सेरुलोप्लाझमिन कमी होतं. जनुकाची तपासणी झाली, त्यात दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या. आजार त्यालाही आहे, पण अजून काही बिघडायच्या आत सापडला. त्याला झिंकच्या गोळ्या सुरू झाल्या, त्या तांबं आतड्यातून आत शिरू देत नाहीत. आयुष्यभर घ्यायच्या. पहिल्या तपासणीपासून पहिल्या गोळीपर्यंत त्याचे सव्वीस दिवस गेले. मी कॅलेंडरवर मोजले.

त्याच्या पहिल्या तपासणीला मी सोबत गेले होते. त्याच शिकाऊ डॉक्टरने त्याच्यापुढे कागद सरकवला आणि गोल फिरत बाहेर येणारी रेघ काढायला सांगितली. त्याने खाली बघत, जीभ दातांत धरून, शाळेत काढायचा तशी सावकाश काढली. तिने बघितली आणि टेबलावर ठेवली. निघताना मी तो कागद मागून घेतला. दादरला गाडी लागेपर्यंत फलाटावर बसून मी ती रेघ बघत होते. आतून बाहेर, पुन्हा आतून बाहेर. कुठेही हललेली नव्हती.